आराखड्यात आपण कुठे आहोत? जवाहरनगरहून नागपूरच्या मेट्रोकडे पाहताना

चळवळीच्या बैठकीत आरक्षणावर बोलायला माणसे मिळतात, शिष्यवृत्तीवर मिळतात, अॅट्रॉसिटीवर तर मिळतातच. एसटीच्या वेळापत्रकावर बोलायला कुणी उठत नाही. तो विषय किरकोळ वाटतो. बसचे काय, आज चुकली तर उद्या मिळेल! माझे म्हणणे नेमके उलटे आहे. आपल्या समाजातल्या किती मुली पदवीपर्यंत पोहोचतात, किती बाया शहरातले काम टिकवू शकतात, किती म्हाताऱ्यांना वेळेवर डॉक्टर दिसतो, हे कायद्याच्या पुस्तकाइतकेच शेवटच्या बसच्या वेळेवर ठरते. आणि ती वेळ ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस नसतो.

मी जवाहरनगरचा. भंडारा जिल्ह्यातली ही आयुध निर्माणीची वसाहत, साठच्या दशकात उभी राहिलेली. नागपूर-भंडारा महामार्गावर ठाणा पेट्रोलपंपाला उतरायचे आणि आत यायचे. नागपूर इथून पन्नासेक किलोमीटर. नकाशावर पाहिले तर जवळच आहे. पण जवळ म्हणजे काय, ते खिशातल्या किल्लीवर ठरते. चारचाकीची किल्ली असेल तर तासाभराचा रस्ता. नसेल तर अर्धा दिवस.

ही वसाहत मला एका कारणासाठी फार महत्त्वाची वाटते. बाबा सायकलने ड्युटीवर जायचे. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. शाळा, दवाखाना, बाजार, खेळाचे मैदान, सगळे सायकलच्या टप्प्यात. ही नगररचना होती. कुणीतरी कागदावर बसून विचार केला होता की कामगार राहील कुठे, कामावर जाईल कसा, त्याची पोरे शिकतील कुठे. आणि त्या विचारामुळे आणखी एक गोष्ट घडली, जी आराखडा काढणाऱ्याच्या मनात असेल-नसेल. आजोबांच्या गावात आमची वस्ती वेशीबाहेर होती. क्वार्टर मात्र मिळाले ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे. भिंतीला भिंत लागून तेली, कुणबी, बौद्ध, पोवार, मुसलमान. एकच नळ, एकच रस्ता. श्रेणीला जात नव्हती असे मी म्हणत नाही; मोठ्या बंगल्यात कोणती आडनावे होती आणि टाइप वनमध्ये कोणती, हे आम्हाला पोरवयातच कळत होते. तरी गावगाड्याची वेस तिथे नव्हती. वेस ही निसर्गाने दिलेली नसते, माणसाने आखलेली असते, म्हणून ती पुसताही येते, हे मी पुस्तकात नाही, क्वार्टरच्या ओळीत शिकलो.

पण आमच्या पिढीला त्या कारखान्याच्या दारात उभे राहायला जागा उरली नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. बापाच्या मागे पोरगा कायम नोकरीत लागेल, हा हिशेब त्याच्या कितीतरी आधीपासून मोडत आला होता. आता पोरे-पोरी नागपूरला जातात. कॉलेजला, अभ्यासिकेला, कंपनीत, मॉलमध्ये, दवाखान्यात. म्हणजे काम आणि शिक्षण सायकलच्या टप्प्यातून उठून पन्नास किलोमीटर दूर गेले. त्यांच्यासाठी आराखडा कुणी काढला?

माझ्या मावसबहिणीचे सांगतो. बारावीला विज्ञान शाखेत चांगले गुण. नागपूरच्या एका कॉलेजात बीएस्सीला प्रवेश. हॉस्टेल मिळाले नाही, भाड्याची खोली परवडत नव्हती, म्हणून रोज ये-जा. पहाटे पाचला उठायचे. दुपारी प्रॅक्टिकल, ते सुटायचे साडेपाचला. तिथून स्टँड गाठायचे, गाडीची वाट पाहायची, गर्दीत शिरायचे. हिवाळ्यात महामार्गावर उतरेपर्यंत मिट्ट काळोख. बाजूने ट्रक सुसाट. मावसा रोज सायकल घेऊन पेट्रोलपंपावर उभे. ते स्वतः दुसऱ्या पाळीला असले की कुणाला पाठवायचे, हा रोजचा घोर. मग ती प्रॅक्टिकल अर्धे सोडून निघू लागली. कॉलेजने हजेरी कमी म्हणून पालकांना बोलावले. दुसऱ्या वर्षी तिने विज्ञान सोडले आणि घरी बसून बाहेरून बीए केले.

तिला कुणी जातीवरून हिणवले नाही. कुणी अडवले नाही. शिष्यवृत्तीही मंजूर होती. कुठल्याही कायद्याच्या कलमात ही तक्रार बसत नाही. तरी शिक्षण सुटलेच ना? आणि तिच्याच वर्गातल्या, घरची गाडी असलेल्या मुलीचे सुटले नाही.

योजनांकडे पाहा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. चांगली योजना आहे, तिने हजारो मुली शाळेत टिकवल्या. पण बारावीनंतर, म्हणजे खरा लांबचा प्रवास सुरू होतो तिथेच, ती संपते. पुढे विद्यार्थी पासची सवलत आहे, पण उरलेला वाटा खिशातूनच. बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. ती शहरात खोली करून राहणाऱ्यासाठी. रोज ये-जा करणारी पोरगी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

आता इतिहासाकडे येऊ, कारण काही मित्र म्हणतील, ‘हा जातीचा प्रश्न कुठे, हा तर गरिबीचा.’ मित्रहो, आपल्या लढ्याची सुरुवातच वाटेवर झाली आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतःचे जे अनुभव लिहिले, ते कशाचे आहेत ते पुन्हा काढून वाचा. १९०१ मध्ये लहानगा भीम भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनला उतरल्यावर जात कळली आणि एकही बैलगाडीवाला गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी पोरांनी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली. १९२९ मध्ये चाळीसगावला, बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचे सदस्य झालेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या माणसांनी टांगा मिळवला, पण हाकणारा सराईत नव्हता. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. गाडी होती, रस्ता होता, पैसे होते. बसवून न्यायला माणूस नव्हता.

केरळात अय्यंकाली यांनी १८९३ मध्ये बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचे धाडस केले, तोच त्या भागातल्या अस्पृश्यांच्या बंडाचा आरंभ ठरला. १९२४ चा वायकोम सत्याग्रह देवळाच्या आत जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. १९२७ ला महाडमध्ये प्रश्न पाण्याचा होता, तसाच ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या अर्थाचाही होता. तिकडे अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्या शहराच्या बसने प्रवास करणाऱ्यांत बहुसंख्य तेच होते. रोज पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण मागच्या सीटवर बसले नाहीत. त्यांचा बहिष्कार डिसेंबर १९५६ मध्ये विजयाने संपला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी.

आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत ‘रस्ते’ हा शब्द आहे. तो उगाच आलेला नाही. रस्ता सर्वांचा झाला. पण रस्त्यावरून जायला गाडीच नसेल, तर तो अधिकार कुणाच्या कामाचा? पूर्वी गाडीवान म्हणायचा, तुला बसवत नाही. आज कुणी तसे म्हणत नाही. गाडीच सुटत नाही. पहिल्या नकारावर कायदा आहे. दुसऱ्या नकाराला ‘तोट्यातली फेरी’ असे नाव दिले जाते.

आता नागपूरची मेट्रो पाहू. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हाचा खर्च ८,६८० कोटी रुपये. मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ ला तो टप्पा पूर्ण झाल्याचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली: ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी. मी मेट्रोच्या विरोधात नाही. इंदोरा चौकात मेट्रोचे स्टेशन आहे, याचा मला आनंद आहे. थंडगार डब्यात, स्वच्छ बाकावर आपली माणसे ताठ बसलेली पाहून बरे वाटते. चांगले ते फक्त त्यांचे आणि मोडके ते आपले, असे मानण्याचे दिवस गेले.

पण प्रश्न आहे. मेट्रोची ॲक्वा लाइन भंडारा रोडवर प्रजापतीनगरला येऊन थांबते. दुसऱ्या टप्प्यात ती तिथून ट्रान्सपोर्टनगरपर्यंत, ५.६ किलोमीटर पुढे येणार आहे. म्हणजे मेट्रो आपल्याच दिशेने येते आहे. मग भंडाऱ्याकडून येणारी एसटी आणि मेट्रो एका छताखाली कुठे भेटतील? दोघींच्या वेळा जुळतील का? एकच पास दोन्हीकडे चालेल का? केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनभोवती पाच किलोमीटरपर्यंत पूरक बससेवेची हमी राज्याने द्यावी, असे म्हटले आहे. त्याआधीच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाचा गाभाच हा, की नियोजन वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी करावे. कागद चांगले आहेत. पण कागदावरचे शहर महापालिकेच्या हद्दीशी संपते आणि खरे शहर मौदा, ठाणा, भंडारा, तुमसरपर्यंत पसरलेले आहे. सकाळी नागपूरला भांडी घासायला, सिक्युरिटीला उभे राहायला, विटा वाहायला जाणारा माणूस शहराचाच आहे. आराखड्यात मात्र तो बाहेरगावचा.

त्याच दिशेची आणखी एक घोषणा आठवा. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या चार मार्गांवर रेल्वेच्या रुळांवरून मेट्रोसारखी गाडी सोडण्याचा करार २०१८ मध्ये झाला. आपल्याकडे पेढे वाटले गेले. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून अजून ती गाडी कुणी पकडलेली नाही. त्याच काळात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मात्र पुरा झाला. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा तुकडाही खुला झाला. त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. वेगाचा रस्ता आहे, सुरक्षेचे कारण मी समजू शकतो. पण हजारो कोटींच्या रस्त्यावर जाण्याची पात्रता चारचाकी, हे लक्षात घ्या. महाराष्ट्रातले बहुसंख्य बौद्ध घर त्या पात्रतेत बसते का, ते स्वतःच्या वस्तीत फिरून मोजा.

मुंबईतही हेच चित्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारसारख्या हलक्या वाहनांना टोल माफ झाला. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. आठ महिन्यांत तीन निर्णय. कारवाल्याला सूट, बसवाल्याला वाढ. याला मी नियोजन म्हणत नाही, पक्षपात म्हणतो.

आणि हा पक्षपात आपल्या दारापर्यंत, थेट दीक्षाभूमीपर्यंत आला होता. विकासाच्या आराखड्यात तिथे भूमिगत पार्किंग घालण्यात आले. स्तूपाला धोका होईल म्हणून १ जुलै २०२४ ला जनता उसळली, काम बंद पाडले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातला एकच मुद्दा पुढे न्यायचा आहे. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला येणारा माणूस कसा येतो? रेल्वेने, एसटीने, टेम्पोत दाटीवाटीने बसून आणि शेवटचे दोन-चार किलोमीटर पायी. त्याला काय हवे? सावली, पाणी, संडास, मुक्कामाला जागा, पहाटे परतीची गाडी. आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र आली ती मोटार. भाविकांची संख्या लाखांत आणि सोय मोटारीची! पायी येणारा माणूस त्यांना गर्दी वाटतो, मोटारीतला माणूस पाहुणा.

६ डिसेंबरलाही असेच. मुंबईला जाणाऱ्या आपल्या माणसांवर ‘फुकटे’ म्हणून दरवर्षी मोबाइलवर घाण फिरते. पंढरीला, कुंभाला जादा गाड्या सुटतात तेव्हा त्याला व्यवस्था म्हणतात, आणि ती असावीच. चैत्यभूमीसाठी जादा गाड्या सुटल्या की त्याला उपकार कसे म्हणता? गाड्या पुरेशा सोडा, साध्या डब्यांच्या सोडा, मग गर्दीचा त्रास कुणालाच होणार नाही.

‘एसटी तोट्यात आहे, पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न येणारच. संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला, हे खरे आहे. पण उड्डाणपुलाला कुणी विचारते का, तू नफ्यात आहेस की तोट्यात? पारडीचा पूल दरवर्षी ताळेबंद सादर करतो का? रस्ता सेवा आहे, बस मात्र धंदा, हा न्याय कुठला? मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. त्यावर नाके मुरडणारे बरेच आहेत. मी म्हणतो, गेल्या काही वर्षांत समाजातल्या बायांच्या पायातली बेडी सैल करणारा याच्याइतका सरळ निर्णय दुसरा झाला नसेल. माझी आई त्या सवलतीत पहिल्यांदा कुणाला न विचारता एकटी नागपूरला जाऊन आली. पण अर्धे तिकीट तेव्हाच कामाचे, जेव्हा बस येते. आणि नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात आपण पाहिले की बस थांबली तर कुणाचे घर थांबते. कारवाल्यांचे थांबले नाही. त्या संपातला चालक-वाहकही आपल्याच घरांतला होता. म्हणून प्रवासी आणि एसटी कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, भाऊ, एवढ्या मोठ्या लढाया पडल्या असताना तू वेळापत्रक घेऊन बसलास. बाबासाहेब खेड्याला भुलले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या कौतुकाची कठोर चिकित्सा केली. गावगाड्याबाहेर पडण्यात मुक्ती आहे, हे आपल्या समाजाने त्यांच्याकडून घेतले. याच भंडाऱ्यातून १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांना लोकसभेत पाठवण्याची संधी या जिल्ह्याने घालवली. त्यांनी दाखवलेल्या वाटेवर पोरींना चालता यावे, एवढे तरी आपण करू. गाव सोडायचे तर गाडी लागते. ज्याला शहरात घर घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी बस हीच गावाबाहेरची वाट आहे. ती सात वाजता बंद होत असेल, तर सात वाजता गावाची वेस पुन्हा लागते.

मग करायचे काय? मोर्चाच्या आधी मोजणी. आपल्या वस्तीतून रोज किती जण बाहेर जातात, कुठे, कशाने, किती पैशांत, परत किती वाजता, याची वही युवकांनी घरोघर जाऊन भरावी. मुलींचे शिक्षण कुठल्या वर्षी आणि का सुटले, हा रकाना त्यात वेगळा ठेवावा. दुसरे, माहिती अधिकारात आगाराला विचारा: गेल्या दहा वर्षांत कुठल्या फेऱ्या बंद झाल्या, कुठल्या वेळेच्या, कुठले कारण देऊन. तिसरे, ग्रामसभेत ठराव घ्या. मागण्या साध्या आहेत. महामार्गावरच्या थांब्यावर दिवा, निवारा आणि वेळापत्रक. नागपूरहून रात्री साडेनऊला सुटणारी, प्रत्येक थांबा घेणारी गाडी. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत. आणि मेट्रोचे स्टेशन ट्रान्सपोर्टनगरला उभे राहण्याआधीच तिथे एसटीचा थांबा आणि दोन्हींचा एकच पास. खांब उभे राहिल्यावर निवेदने देऊन उपयोग नसतो. आराखडा कागदावर असतो तेव्हाच हरकती द्यायच्या असतात, आणि नेमक्या त्या मुदतीत आपण जयंतीच्या वर्गणीत गुंतलेले असतो.

आपल्यात आता सिव्हिल इंजिनिअर आहेत, नगररचना शिकलेली पोरे-पोरी आहेत, वकील आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार वस्तीला द्यावा आणि आराखडा वाचायला शिकवावा. डीपी म्हणजे काय, हरकत कशी नोंदवायची, सुनावणीत काय बोलायचे. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द शिकण्याचा आहे, आणि नकाशा वाचणे हेही शिक्षणच आहे.

ज्यांनी गाव आखला, त्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवले. ज्यांनी शहर आखले, त्यांनी आपल्याला हिशेबाबाहेर ठेवले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे नागपूर आत्ता आखले जात आहे. त्या टेबलाशी आपली वही घेऊन जाऊ या.

जय भीम!